टायरचा विल्यम : राजपुत्राचा गुरु आणि राज्याचा बखरकार



‘बखर’ हा शब्द कानीं पडला कीं आपल्यापुढें सभासदाचें नांव उभें राहतें. दरबाराशीं निकट संबंध असलेल्या माणसानें, जें स्वतः पाहिलें आणि जें विश्वासू माणसांच्या तोंडून ऐकिलें, तें पुढील पिढीसाठीं लिहून ठेवावें हा बखरीचा मूळ धर्म. मध्ययुगीन युरोपांतहि असे बखरकार पुष्कळ झाले, आणि त्यांपैकीं बहुतेक ख्रिस्ती धर्मसेवक होते. कारण त्या काळीं लिहिणें-वाचणें हें मुख्यतः मठांत आणि कॅथीड्रलांच्या शाळांत चाले. परंतु ज्या राजाचें मीठ खाल्लें त्याच्या चुका कागदावर उतरवाव्या कीं झांकून ठेवाव्या, हा प्रश्न प्रत्येक दरबारी बखरकारापुढें उभा राहतो. बाराव्या शतकांत यरुशलेमच्या राज्यांत होऊन गेलेला टायरचा आर्चबिशप विल्यम याच्यापुढें तर हा प्रश्न फारच कठीण रूपानें आला. तो त्यानें कसा सोडविला, हें पाहण्यासाठीं त्याचें चरित्र आज आपण थोडक्यांत वाचूं.

टायर हें नांव तुम्हांला अपरिचित वाटेल. परंतु आपल्या मराठी पवित्र शास्त्रांत ज्याला ‘सोर’ म्हटलें आहे तेंच हें समुद्रकांठचें नगर. सोर आणि सीदोन ही जोडी शुभवर्तमानांत आपण अनेकदां वाचलेली आहे. आज हें नगर लेबानन देशांत मोडतें. इ. स. १०९५ मध्यें पोप दुसरा अर्बन यानें यरुशलेम जिंकून घेण्यासाठीं पश्चिमेकडील ख्रिस्ती लोकांस हांक दिली. चार वर्षांनीं, १५ जुलै १०९९ रोजीं, त्यांच्या फौजांनीं तें शहर काबीज केलें आणि तेथें एक नवें राज्य स्थापन झालें. टायर हातीं यावयास मात्र ११२४ साल उजाडलें. या राज्यांत राज्यकर्ते मूठभर होते. ते फ्रेंच बोलत व रोमच्या चर्चची सत्ता मानीत. प्रजेंत मुसलमान, सुरियानी व ग्रीक ख्रिस्ती, यहूदी असे नाना प्रकारचे लोक होते. भोंवतालीं दिमिष्क, अलेप्पो आणि मिसर येथें मुसलमान सत्ता नांदत होत्या. अशा या राज्याच्या राजधानींत, म्हणजे खुद्द यरुशलेमांत, सुमारें ११३० सालीं विल्यमचा जन्म झाला. त्याचें घराणें पश्चिमेकडून आलेलें, पण तो स्वतः पूर्वेचा पुत्र. हें ध्यानांत ठेवावयास पाहिजे; कारण पुढें त्यानें जें लिहिलें तें परक्या देशांतून आलेल्या प्रवाशाचें वर्णन नव्हे, आपल्या जन्मभूमीविषयीं तेथल्याच माणसानें लिहिलेली ती हकीकत आहे.

सुमारें ११४५ मध्यें तो शिक्षणासाठीं समुद्र ओलांडून गेला, आणि जवळजवळ वीस वर्षें परत आला नाहीं! पॅरिस येथें त्यानें व्याकरण, तर्क आणि ईश्वरविद्या यांचा अभ्यास केला. ऑर्लिन्स येथें प्राचीन लॅटिन ग्रंथकार वाचले. इटलींतील बोलोन्या येथें कायद्याचें अध्ययन केलें. ईश्वरविद्येंत त्याचा गुरु पीटर लोंबार्ड होता. या गुरूचा ग्रंथ पुढें कित्येक शतकें युरोपांतील विद्यापीठांत पाठ्यपुस्तक म्हणून चालला. सोआसोंचा विल्यम नांवाच्या दुसऱ्या एका शिक्षकापाशीं त्यानें युक्लिडची भूमिति शिकून घेतली. हें सर्व आपणांस त्याच्याच लेखणींतून कळतें. पण तें कळण्याची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. त्याच्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या भागाच्या अनुक्रमणिकेंत बाराव्या अध्यायाचा मथळा होता, पण अध्याय मात्र कोठेंच सांपडत नव्हता. हुयगेन्स नांवाच्या डच पंडितानें व्हॅटिकनमधील एका जुन्या हस्तलिखितांत तो शोधून काढून १९६२ मध्यें प्रसिद्ध केला. त्या अध्यायांत काय असावें? राजकारण नाहीं, लढाई नाहीं. विल्यमनें आपल्या शिक्षकांचीं नांवें एकामागून एक लिहून ठेविलीं आहेत. कोणाचीं व्याख्यानें आपण नेमानें ऐकिलीं आणि कोणाकडे केवळ वादविवाद ऐकण्यासाठीं अधूनमधून जात होतों, एवढा भेदसुद्धां त्यानें केला आहे. पन्नाशीकडे झुकलेला, मोठ्या पदावर चढलेला मनुष्य आपल्या विद्यार्थिदशेचा हिशेब इतक्या चोखपणें देतो, हें पाहून कोणाहि शिक्षकाला समाधान वाटेल.

११६५ मध्यें तो मायदेशीं परतला. त्या वेळीं अमाल्रिक हा यरुशलेमचा राजा होता. विद्वान माणसांची त्या राज्यांत वाणच होती, त्यामुळें विल्यम लवकरच वर चढला. ११६७ मध्यें तो टायरचा आर्चडीकन झाला, आणि पुढच्याच वर्षीं राजानें त्याला कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट मान्युएल याच्याकडे वकील म्हणून पाठविलें. राजा स्वतः फारसा शिकलेला नव्हता, परंतु त्याला इतिहास ऐकण्याची मोठी हौस होती. आपल्या राज्याचा इतिहास लिहावा अशी आज्ञा त्यानेंच विल्यमला केली. शिवाय पूर्वेकडील मुसलमान राजांचाहि इतिहास लिहावा म्हणून अरबी ग्रंथ मिळवून दिले. हा दुसरा इतिहास विल्यमनें पुरा केला होता. दुर्दैवानें तो आज उपलब्ध नाहीं.

या राजाची एक गोष्ट विल्यमनें दिली आहे. एकदां टायरच्या किल्ल्यांत अमाल्रिक तापानें आजारी पडला होता. ताप साधाच होता. पण अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानें विल्यमला बोलावून विचारलें कीं, आपल्या तारणाऱ्याची व साधुसंतांची शिकवण बाजूला ठेविली, तर मेलेल्यांचें पुनरुत्थान होणार असें सिद्ध करण्यास दुसरा कांहीं आधार आहे काय? ख्रिस्ती राजाच्या तोंडून असा प्रश्न ऐकून विल्यम प्रथम दचकला. परंतु त्यानें राजाला दटाविलें नाहीं, किंवा ‘असले प्रश्न विचारूं नयेत’ असेंहि म्हटलें नाहीं. त्यानें उलट विचारलें : देव न्यायी आहे हें आपणांस मान्य आहे ना? राजा म्हणाला, आहे. न्यायी असेल तो चांगल्याला चांगलें आणि वाइटाला वाईट फळ देईल ना? देईल. मग या जगांत तसें घडतांना दिसतें काय? राजाला कबूल करावें लागलें कीं, सज्जन दुःख भोगतात आणि दुर्जन पुष्कळदां सुखानें मरतात. तर मग, विल्यम म्हणाला, ज्यांत हा हिशेब पुरा होईल असें दुसरें जीवन असलेंच पाहिजे. राजाचें समाधान झालें. पॅरिसमध्यें शिकलेला तर्क असा आजाऱ्याच्या बिछान्याजवळ उपयोगीं पडला!

हाच अमाल्रिक विल्यमचा आश्रयदाता. आतां विल्यमनें त्याचें चित्र कसें रंगविलें आहे पाहा. राजा बोलतांना किंचित् अडखळे, मितभाषी होता, पण हसूं लागला म्हणजे सारें अंग गदगदा हालेपर्यंत हसे, शरीर फार स्थूल होतें. येथवर ठीक. परंतु राजाला द्रव्याचा लोभ होता, त्यानें प्रजेवर आणि चर्चच्या मालमत्तेवरसुद्धां पैशासाठीं भार टाकिला, हेंहि त्याच लेखणीनें लिहिलें आहे. राजाची बुद्धि, युद्धांतील त्याचें धैर्य, कायद्याचें त्याचें ज्ञान यांची स्तुति त्यानें केलीच आहे. तिच्यासाठीं त्यानें दोष मात्र पुसून टाकिले नाहींत.

११७० मध्यें अमाल्रिकनें आपला नऊ वर्षांचा एकुलता एक मुलगा बाल्डविन शिक्षणासाठीं विल्यमच्या स्वाधीन केला. पुढें जें घडलें तें विल्यमनें स्वतः लिहून ठेविलें आहे, आणि माझ्या मतें त्याच्या सबंध ग्रंथांत याहून हृदयद्रावक असा दुसरा प्रसंग नाहीं.

सरदारांचीं कांहीं मुलें बाल्डविनच्या सोबतीला असत. मुलें कोणत्याहि देशाचीं आणि कोणत्याहि काळाचीं असोत, तीं खेळतां खेळतां भांडावयाचींच. हीं मुलें एकमेकांच्या हातांना व दंडांना नखांनीं चिमटे काढीत. ज्याला लागे तो ओरडे. बाल्डविन मात्र कधींच ओरडत नसे. सोबती त्याला मुळींच दयामाया न दाखवितां ओरबाडीत, आणि तो जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा रीतीनें उभा राही. असें अनेक वेळां झाल्यावर ही गोष्ट विल्यमच्या कानावर आली. त्याला प्रथम वाटलें, मुलगा सहनशील आहे. राजाच्या मुलाला शोभण्यासारखाच हा गुण आहे. शिक्षकाला असें वाटणें अगदीं स्वाभाविक होय. जो मुलगा रडत नाहीं त्याची आपण पाठ थोपटतों, आणि बहुधा तेथेंच थांबतों.

विल्यम थांबला नाहीं. त्यानें मुलाला जवळ बोलावलें आणि बारकाईनें चौकशी केली. तेव्हां त्याला कळून आलें कीं, मुलाचा उजवा हात व दंड अर्धाअधिक बधिर झाला आहे. चिमटा घेतला काय किंवा चावा घेतला काय, त्याला कांहींच कळत नाहीं. ती सहनशीलता नव्हती. जेथें वेदना नाहीं तेथें सोसणें कसलें? हें कळतांच विल्यमनें तें राजाला सांगितलें. वैद्य आले, शेक झाले, तेलें चोळून झालीं, जालीम औषधें देऊन झालीं, कशाचाहि गुण आला नाहीं. मुलगा वयांत येऊं लागला तसतसें उघड दिसूं लागलें कीं त्याला कुष्ठरोग, म्हणजे पूर्वीं ज्याला आपल्याकडे महारोग म्हणत तो, जडला आहे. हें लिहितांना आपले डोळे कोरडे राहूं शकत नाहींत, अशा अर्थाचे उद्गार या विद्वान आर्चबिशपानें काढले आहेत.

आजचें वैद्यकशास्त्र विल्यमच्या या टिपणाची वाखाणणी करितें. कुष्ठरोगाचा जंतु नॉर्वे देशांतील डॉक्टर हॅन्सन यानें १८७३ मध्यें शोधून काढला. हा जंतु त्वचेवर आणि त्वचेजवळच्या मज्जातंतूंवर हल्ला करितो. म्हणून कित्येक रोग्यांत बधिरता हेंच पहिलें चिन्ह असतें. आज गांवोगांवीं आरोग्यसेवक संशयित चट्ट्याला हलकेच स्पर्श करून, डोळे मिटून बसलेल्या माणसाला ‘कोठें लागलें तें दाखवा’ असें सांगतात, तेव्हां तेहि तेंच पाहत असतात जें विल्यमनें त्या दिवशीं पाहिलें. फरक एवढाच कीं आज हा रोग औषधांनीं पूर्ण बरा होतो, आणि वेळेवर ओळखला तर हातापायांचें व्यंगहि टळतें. ज्या पालकांच्या मनांत या रोगाविषयीं अजून भीति किंवा लाज असेल त्यांनीं एवढी गोष्ट अवश्य लक्षांत घ्यावी. बाल्डविनच्या काळीं मात्र उपाय नव्हता.

शिक्षण थांबलें नाहीं. मुलगा बुद्धीनें चांगला होता. त्याची स्मरणशक्ति दांडगी असून त्याला बापाप्रमाणेंच इतिहास ऐकण्याची आवड होती, आणि घोड्यावर बसण्यांत तो आपल्या बरोबरीच्या मुलांच्या पुढें असे. केलेला उपकार तो विसरत नसे आणि केलेला अपकारहि विसरत नसे, असें त्याच्या गुरूनें नमूद केलें आहे. विद्यार्थ्याचें गुणपत्रक असावें तर असें!

११ जुलै ११७४ रोजीं अमाल्रिक मरण पावला आणि चार दिवसांनीं तेरा वर्षांच्या बाल्डविनला राज्याभिषेक झाला. त्याच वर्षीं विल्यमला राज्याचा चॅन्सेलर, आपल्या भाषेंत मुख्य चिटणीस, नेमण्यांत आलें. आणि ११७५ मध्यें तो टायरचा आर्चबिशप झाला. म्हणजे धर्म आणि राज्य या दोन्हींच्या कागदपत्रांवर आतां त्याचाच हात होता. सोळा वर्षांच्या बाल्डविननें २५ नोव्हेंबर ११७७ रोजीं माँगिसार येथें सलादीनसारख्या प्रबळ शत्रूचा पराभव केला. पुढील वर्षीं विल्यम रोमला गेला आणि मार्च ११७९ मध्यें तिसऱ्या लॅटरन धर्मसभेला हजर राहिला. तिच्या कामकाजाचा वृत्तांत त्यानें तयार केला होता. तोहि नाहींसा झाला आहे. या सभेनें कुष्ठरोग्यांविषयीं एक नियम केला : जेथें असे रोगी एकत्र राहतात तेथें त्यांना स्वतःचें उपासनामंदिर, स्वतःचा धर्मगुरु व स्वतःची दफनभूमि ठेवूं द्यावी, आणि त्यांच्या बागांवर व गुरांवर दशमांश घेऊं नये. हा नियम ऐकतांना टायरच्या आर्चबिशपाच्या मनांत कोण उभें राहिलें असेल, तें सांगावयास नको.

आतां त्याच्या बखरीकडे वळूं. ती लॅटिन भाषेंत असून तिचे तेवीस भाग आहेत. आपल्या जन्मापूर्वींचा इतिहास त्यानें आधींच्या ग्रंथकारांवरून घेतला. परंतु सोळाव्या भागापासून पुढें आपण स्वतः पाहिलेलें आणि पाहणाऱ्यांकडून ऐकलेलें लिहीत आहों, असें तो वाचकाला बजावून सांगतो. प्रस्तावनेंत त्यानें बखरकाराची अडचण उघड मांडली आहे. खरें लिहावें तर पुष्कळांचा रोष ओढवतो. तो टाळण्यासाठीं खरें लपवावें तर बखरकार आपल्या कामाशींच बेइमान होतो.

पहिली कसोटी यरुशलेमच्या विजयाची. पश्चिमेकडील ख्रिस्ती लोकांच्या दृष्टीनें १०९९ चा विजय म्हणजे मोठा उत्सवाचा दिवस. विल्यमलाहि तो विजय देवाच्या कृपेनें मिळाला असेंच वाटे. परंतु त्या दिवशीं शहरांत जी कत्तल झाली ती त्यानें झांकली नाहीं. मारले गेलेल्यांचीं प्रेतें पाहून तर भय वाटेच. पण पायांपासून डोक्यापर्यंत रक्तानें माखलेले विजयी वीर पाहून पाहणाराला अधिकच भय वाटे, असें त्यानें लिहिलें आहे. हे वीर त्याच्याच पक्षाचे होते.

दुसरी कसोटी शत्रूची. दिमिष्कचा सुलतान नूरुद्दीन हा या राज्याचा कट्टा वैरी. विल्यमनें त्याला ख्रिस्ती नांवाचा छळक म्हटलें. पण तेथेंच त्याला न्यायी, सुज्ञ आणि आपल्या धर्माप्रमाणें देवभीरु राजा असेंहि म्हटलें. ११६३ मध्यें अमाल्रिकचा वडील भाऊ राजा तिसरा बाल्डविन मरण पावला तेव्हां सगळें राज्य शोकांत बुडालें होतें. या संधीचा फायदा घेऊन स्वारी करावी असा सल्ला नूरुद्दीनला त्याच्या लोकांनीं दिला. त्यानें तो मानला नाहीं. ज्याच्या तोडीचा राजा आज जगांत दुसरा नाहीं असा राजा ते गमावून बसले आहेत. त्यांच्या दुःखाची आपण कींव केली पाहिजे, असें तो म्हणाला. ही गोष्ट आज आपणांस ठाऊक आहे ती विल्यमनें लिहिली म्हणून.

आणि अकरा वर्षांनीं, ११७४ च्या मे महिन्यांत, नूरुद्दीन वारला तेव्हां आपल्या राजानें काय केलें, हेंहि तो लिहितो. बातमी कानीं पडतांच अमाल्रिकनें सैन्य गोळा करून बान्यास शहराला वेढा घातला! नूरुद्दीनच्या विधवेनें वेढा उठविण्यासाठीं निरोप धाडला आणि द्रव्य देऊं केलें. तिच्या धैर्याची विल्यमनें मोकळ्या मनानें स्तुति केली आहे. राजानें प्रथम निरोप झिडकारला, सुमारें पंधरा दिवस वेढा चालविला, आणि शेवटीं पैसे घेऊन परत फिरला. वाटेंतच तो आजारी पडला व थोड्याच दिवसांत मेला. विल्यमनें दोन्ही गोष्टी आपापल्या जागीं लिहिल्या आहेत. त्यांची तुलना करण्याचें काम त्यानें वाचकावर सोंपविलें आहे.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण, कारण तींत राज्याच्या नाशाचें बीज होतें. मिसर देशाशीं अमाल्रिकचा तह होता. तेथून दरसाल खंडणी येई, दक्षिणेकडून भय नव्हतें, समुद्रावर व्यापार निर्वेध चाले. असें असतां ११६८ मध्यें, विल्यम वकिलीसाठीं परदेशीं असतांना, राजानें तह मोडून मिसरवर चाल केली. बिल्बेस शहर घेऊन तेथें भयंकर कत्तल झाली. परिणाम काय झाला? घाबरलेल्या मिसरी लोकांनीं नूरुद्दीनची मदत मागितली. त्याचा सेनापति शिर्कूह आला, आणि त्याच्यामागून त्याचा पुतण्या सलादीन मिसरचा धनी झाला. विल्यमनें या स्वारीचा दोष झांकला नाहीं. मनुष्याच्या आंधळ्या लोभानेंच शांततेचें राज्य अशांत केलें, असें त्यानें स्पष्ट लिहिलें. ज्यानें त्याला इतिहास लिहावयास सांगितलें त्याच राजाविषयीं हें लिहिणें आहे! दावीद राजासमोर उभ्या राहिलेल्या नाथान संदेष्ट्याची येथें आठवण होते. नाथानानें मात्र तोंडानें सांगितलें, विल्यमनें तें कायमचें लिहून ठेविलें.

पूर्वीं थोड्या लोकांनिशीं आपले पूर्वज जिंकत, आणि आतां आपण वारंवार कां हरतों, या प्रश्नाचा विचार त्यानें एका अध्यायांत थांबून केला आहे. त्यानें तीन कारणें दिलीं. पूर्वज देवभीरु होते आणि आपली पिढी पापांत लोळत आहे, हें पहिलें. पूर्वजांना युद्धाची संवय होती आणि त्या वेळच्या पूर्वेकडील लोकांना नव्हती, हें दुसरें. पूर्वीं शत्रूच्या प्रत्येक शहराचा धनी वेगळा असून त्यांचें आपसांत पटत नसे. आतां ते सर्व एका माणसाच्या हाताखालीं आले आहेत, हें तिसरें. पहिलें कारण त्या काळचा कोणताहि धर्मोपदेशक देता. दुसरें आणि तिसरें द्यावयास मात्र इतिहासकाराची नजर लागते. आणि आजचे अभ्यासकहि तिसऱ्या कारणाला मोठें महत्त्व देतात.

याचा अर्थ विल्यम सर्वस्वीं निःपक्षपाती होता असें नव्हे. तो आपल्या काळाचा मनुष्य होता, आणि धर्मयुद्ध हें पवित्र कार्य आहे याविषयीं त्याला संशय नव्हता. टेंपल संप्रदायाच्या लढवय्यांविषयीं त्याची लेखणी कडवट होते. बाल्डविनची आई अ‍ॅग्नेस हिच्या पक्षाशीं त्याचें जमत नसे. तेव्हां त्या मंडळींविषयीं त्यानें लिहिलेलें थोडें पारखून घ्यावें, असें आधुनिक इतिहासकार सांगतात. अरबी भाषा त्याला स्वतःला कितपत येत होती याविषयींहि मतभेद आहे. हे दोष ध्यानांत घेऊनहि, त्या काळच्या बखरकारांत त्याचें स्थान फार वरचें आहे.

११८० मध्यें यरुशलेमच्या पॅट्रिआर्कची जागा रिकामी झाली. हें तेथल्या चर्चमधील सर्वांत श्रेष्ठ पद. विद्या, अनुभव आणि राजसेवा या तिन्ही दृष्टींनीं विल्यमचा हक्क मोठा होता. पण निवड झाली कैसरियाच्या आर्चबिशप हेराक्लियसची. आपल्या ग्रंथांत विल्यमनें ही निवड एका ओळींत नोंदविली आहे. स्वतःच्या निराशेविषयीं एक अक्षर नाहीं.

इकडे बाल्डविनचें शरीर खचत चाललें होतें. ११८३ च्या सुमारास त्याची दृष्टि गेली, हातपाय निकामी झाले. तरी राज्यकारभार सोडण्यास तो राजी नसे. केराकच्या किल्ल्याला सलादीननें वेढा घातला तेव्हां हा अंध राजा डोलींत बसून सैन्याबरोबर निघाला, आणि तो येत आहे हें कळतांच वेढा उठला. सरदारांत मात्र फूट पडली होती. जो मुलगा नऊ वर्षांचा असतां हातीं आला, त्याचा असा अंत आणि त्याच्याबरोबर राज्याचाहि अंत डोळ्यांसमोर येतांना पाहून, विल्यमनें लेखणी खालीं ठेवण्याचें ठरविलें. तेविसाव्या भागाच्या आरंभीं त्यानें तसें कबूल केलें आहे. आपल्या देशाच्या कीर्तीच्या गोष्टी लिहिण्यास हात उत्सुक असतो, लाजेच्या गोष्टी लिहिण्यास तो धजत नाहीं. परंतु स्नेह्यांनीं आग्रह केला. आणि प्राचीन रोमचा इतिहासकार लिव्ही, यहूद्यांचा इतिहासकार योसेफ यांनींहि आपापल्या लोकांचे वाईट दिवस लिहिलेच होते, हें त्याला आठवलें. त्यानें पुन्हां लेखणी उचलली आणि एक अध्याय लिहिला. त्यांत त्रिपोलीचा काउंट रेमंड याच्या हातीं राज्याचा कारभार दिल्याची हकीकत आहे. तेथें ग्रंथ थांबतो.

बाल्डविन ११८५ मध्यें, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, मरण पावला. विल्यमचा मृत्यु २९ सप्टेंबर ११८६ रोजीं झाला असें बहुतेक अभ्यासक मानतात. हेराक्लियसनें त्याला विष घालविलें ही पुढें पसरलेली कथा ते खरी मानीत नाहींत. ४ जुलै ११८७ रोजीं हत्तीन येथें राज्याच्या सैन्याचा धुव्वा उडाला, आणि २ ऑक्टोबरला सलादीननें यरुशलेम घेतलें. टायर मात्र टिकलें. विल्यमच्या मागून तेथें आर्चबिशप झालेला जोसियस जहाजांत बसून युरोपांत गेला, आणि त्यानें नेलेल्या बातमीवरून तिसऱ्या धर्मयुद्धाची तयारी सुरू झाली.

विल्यमच्या ग्रंथाचें लवकरच फ्रेंच भाषेंत भाषांतर झालें. तें इतकें लोकप्रिय झालें कीं मूळ लॅटिन ग्रंथापेक्षां त्याच्याच प्रती अधिक निघाल्या, आणि पुढच्या काळांतील हकीकतीहि लोकांनीं त्याला जोडल्या. ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यांत सातव्या शतकांतील रोमन सम्राट हेराक्लियस याचें नांव येतें, म्हणून लोक त्या भाषांतराला ‘एराक्लेस’ म्हणूं लागले. अशा रीतीनें विल्यमची बखर कित्येक शतकें घरोघरीं वाचली गेली, ती ज्या नांवाच्या माणसानें त्याचें पॅट्रिआर्कपद नेलें त्याच नांवानें.